धरून ठेवणारं लाकूड

लेथच्या, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून कातायच्या यंत्राच्या, खालच्या फळीवर माझा एक खोका असतो. मधोमध खळगा असलेल्या चकत्या, एका टोकाला निमुळते होत गेलेले दांडे, करवतीने चार-सहा ठिकाणी चिरलेल्या वाट्या, चामडं चिकटवलेला एक गोल ठोकळा, असं बरंच काही त्यात पडलेलं आहे. एकावरही पॉलिश नाही. काहींवर पेन्सिलीने आकडे लिहिलेत, काहींवर जुने आकडे खोडून नवे. बाहेरच्या माणसाला ते जळण वाटतं, आणि एकदा साफसफाईत ते खरोखर जळणातच जायच्या बेतात होतं. मी धावत जाऊन खोका परत आणला. कातून झालेल्या वाडग्यांत आणि डब्यांत नसेल एवढा माझा जीव या ओबडधोबड तुकड्यांत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

यातल्या प्रत्येक तुकड्याने कधी ना कधी काहीतरी धरून ठेवलेलं आहे. वाडगं, डबीचं झाकण, फुलदाणीचं बूड. वस्तू पुरी झाली की ती निघून जाते आणि धरणारं लाकूड माझ्याकडे राहतं.

कातकाम शिकताना पहिले काही महिने सगळं लक्ष हत्यारावर असतं. गाऊजची, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याच्या हत्याराची, पाठ लाकडावर कशी टेकवायची, तिरक्या धारेचा स्क्यू कुठे अडकतो, कुठे हात उचलायचा. हात जरा बसला की उमगतं, हत्यार धरण्याहून लाकूड धरणं अवघड आहे. वाडग्याचंच बघा. बाहेरचं अंग कातताना ते तोंडाकडून धरलेलं असतं, आतून पोखरताना बुडाकडून. शेवटी बूडच कातायची वेळ येते, तेव्हा धरायला काही उरलेलंच नसतं. कड तयार, आतला पृष्ठभाग तयार, आणि त्यावर एक ओरखडाही चालणार नाही.

चार जबड्यांचा धातूचा चक, म्हणजे लेथवर वस्तू पकडणारा भाग, माझ्याकडे आहे आणि मी तो रोज वापरते. फार चांगलं यंत्र आहे ते. पण त्याच्या अटी असतात. त्याला ठरावीक मापाचं कुसू, म्हणजे पुढे आलेला गोल खुंट, लागतं, नाहीतर ठरावीक मापाचा खळगा. त्याच्या जबड्यांचं वर्तुळ एकाच मापाला खरं वर्तुळ असतं. त्याहून जास्त किंवा कमी उघडले की जबडे लाकडाला अंगभर न टेकता कडांनी टेकतात आणि तिथे वळ उठतात. म्हणजे वस्तू कशी असावी हे थोडंफार चक ठरवतो. लाकडाचा चक मात्र हातातल्या वस्तूसाठीच कातलेला असतो. झाकण ६२.४ मिमीचं असेल तर चकही ६२.४चा, आणि पकड सगळ्या परिघावर सारखी.

लाकडी साधनांकडे मी वळले ती काटकसरीने नव्हे. एका गोष्टीने मला त्यांच्याकडे खेचलं, आणि ती समजायला मला बराच काळ लागला. लेथवर लाकूड फिरतं ते एका न दिसणाऱ्या रेषेभोवती. बाहेर तयार झालेली कुठलीही वस्तू, मग ती कितीही अचूक असो, स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, बसवली की तिची रेषा आणि स्पिंडलची रेषा यांत केसाएवढा तरी फरक राहतो. पण ठोकळा आधी स्पिंडलवर चढवला आणि मग तिथेच कातला, तर? ठोकळा ज्या चकतीला स्क्रूने बांधतात ती फेसप्लेट थोडी तिरकी असेल, स्क्रू एका बाजूला सरकलेले असतील, ठोकळा मुळात वाकडा असेल. हत्यार फिरलं की ती सगळी चूक भुशात जाते. उरलेलं वर्तुळ त्याच स्पिंडलचं, त्याच रेषेभोवतीचं वर्तुळ असतं. म्हणून जळाऊ लाकडाच्या ठोकळ्यावर नुकतंच कातलेलं कुसू धातूच्या चकहून खरं फिरतं.

हा खरेपणा नाजूक असतो. ठोकळा फेसप्लेटवरून काढला आणि परत लावला की तो थोडा हलतोच. म्हणून मी ठोकळ्यावर आणि प्लेटवर समोरासमोर खूण करून ठेवते, आणि तरीही परत वापरण्याआधी एक पातळ काप घेतेच. दर वेळी साधन थोडं लहान होतं.

या सगळ्या साधनांत मला सर्वांत प्रिय आहे तो जॅम चक. त्यात स्क्रू नाही, जबडा नाही, स्प्रिंग नाही. ठोकळ्यावर एक कुसू कातायचं आणि झाकण त्यावर दाबून बसवायचं, किंवा ठोकळ्यात खळगा करून वस्तू त्यात दाबायची. नुसत्या घर्षणावर काम. ऐकायला सोपं आहे, पण हाताला ते माप कळायला वेळ लागतो.

माझी सुरुवात ज्यांच्या हाताखाली झाली ते काका कमी बोलायचे. पहिला जॅम चक करताना मी झाकण लावून बघायचे, बसलं नाही की कुसू कातायचे, परत लावून बघायचे. चौथ्या खेपेला ते म्हणाले, "झाकणाकडे काय बघतेस? ठोकळ्याकडे बघ." बघितलं तर कुसवाच्या कडेला एक बारीक चकचकीत रेघ उठली होती. झाकण जिथे घासलं होतं, नेमकं तिथे. "तेवढंच काढ." ती चमक हे माझं तेव्हापासूनचं मोजमाप आहे. कॅलिपर जवळपास नेऊन सोडतो, शेवटचं अंतर ती रेघ दाखवते. त्यातही एक फसवी जागा आहे: हत्यार ०.१ मिमी आत गेलं की व्यास ०.२ने कमी होतो. चमक पुसट झाली की हात हलका करायचा, आणि मग गाऊजऐवजी स्क्रेपरने नुसतं खरवडायचं.

कुसू अगदी सरळ असू नये, टोकाकडे किंचित निमुळतं असावं. त्याहून महत्त्वाचा असतो त्याच्या मुळाशी असलेला सपाट खांदा. वस्तू सरळ बसते ती खांद्यामुळे, घट्ट राहते ती कुसवामुळे. नवशिके सगळी मेहनत घट्टपणावर घेतात आणि खांदा तसाच सोडतात. मग झाकण घट्ट असूनही डुगडुगत फिरतं. आपण कुसू घट्ट करत राहतो, आणि पातळ झाकण असेल तर ते धाग्यांच्या दिशेने तडकतं.

काप जास्त गेला तर लगेच ठोकळा टाकायचं कारण नाही. पातळ कागदाचा एक पदर मध्ये घालायचा, कुसवाला चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, किंवा पाण्याचं बोट फिरवून जरा थांबायचं. धागे फुगतात आणि पकड परत येते. काम झाल्यावर वस्तू निघत नाही, हा उलटा त्रास. वस्तूवर ठोकायचं नाही, ठोकळ्यावर ठोकायचं, आणि दुसरा हात वस्तूखाली धरायचा. मी आता ठोकळ्याला आधीच आरपार भोक पाडून ठेवते. स्पिंडल पोकळ असतो, मागून काठी घातली की वस्तू अलगद हातात येते.

एक वाडगं मी या प्रकारात गमावलं. रात्री खळगा कातून, वाडगं त्यात नीट बसतंय हे बघून मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी वाडगं बसवलं, लेथ चालू केला, बुडाला हत्यार लावलं आणि ते उडालं. भिंतीवर आपटून कड फुटली. चूक माझ्या हाताची असणार असं मी धरून चालले होते. मग खळग्याचं माप दोन दिशांना घेतलं, तर रात्रीतून तो लांबट गोल झाला होता. लाकूड वाळताना धाग्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. आणि आडव्यातही वर्षवलयांच्या कडेने होणारं आकसणं गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. ठोकळा पुरता वाळलेला नव्हता. मी ताजा पृष्ठभाग उघडा केला, आतला ओलावा सुटला, आणि वाडगं चारी बाजूंनी न धरता दोनच ठिकाणी धरलं गेलं.

तेव्हापासून जॅम चक आणि त्यावरचं काम मी एकाच बैठकीत उरकते. मोठ्या चकत्यांना चांगलं प्लायवूड वापरते, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते एकमेकांना हलू देत नाहीत. लहान चकसाठी धागे लेथच्या रेषेत असलेला कठीण, घट्ट लाकडाचा ठोकळा मला आवडतो. त्याच्या टोकावर काप स्वच्छ येतो. फक्त त्या टोकात स्क्रू चांगला धरत नाही. धाग्यांना समांतर गेलेला स्क्रू त्यांच्यामधून सुटू बघतो, म्हणून तिथे लांब स्क्रू हवेत. चिकटवायचं असेल तर सागवान टाळावं. त्याचा तेलकटपणा सरसाला नीट बसू देत नाही, आणि त्यातली सिलिका हत्याराची धार खाते.

बुडाच्या कामासाठी आता मी बहुतेक वेळा चामडं चिकटवलेला तो गोल ठोकळा काढते. वाडगं त्यावर पालथं ठेवायचं, टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाकडून आधार देणाऱ्या भागाने, बुडाच्या मध्यावर दाब द्यायचा, आणि दोघांच्या मध्ये ते धरून बूड कातत मध्यापर्यंत यायचं. शेवटी टेलस्टॉकच्या टोकाखाली बोटाएवढा खुंट उरतो. तो हाताने, धारदार पटाशीने काढायचा. जॅम चकइतकी ही गोष्ट देखणी नाही, पण वाडगं उडायची भीती फार कमी. ज्याचं बूड अजून अवघड असेल त्याला चिकटवलेला ठोकळा आहेच: मध्ये जाड कागद घालून सरसाने जोडायचा, काम झालं की जोडावर पटाशी ठेवून हलकेच ठोकायचं. कागद मधून फाटतो, दोन्ही लाकडं शाबूत.

लाकडात मॉर्स टेपर कातणं हा माझ्यासाठी सगळ्यांत मोठा धडा होता. १८६०च्या दशकात स्टीफन मॉर्स या अमेरिकन माणसाने हा निमुळता दांडा आणला आणि आजही जगभरच्या लेथांच्या स्पिंडलमध्ये त्याचीच पोकळी असते. मधल्या आकाराच्या लेथांना बहुधा २ नंबरची. तिच्या रुंद तोंडाचा व्यास १७.७८ मिमी, आणि उतार साधारण २०ला १: दर २० मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी. कोन पुरता ३ अंशांचाही नाही. त्यामुळेच आत दाबलेला दांडा स्वतःच घट्ट धरून राहतो. हा कोन हाताने, नजरेने, गाऊज आणि स्क्यूवर लाकडात आणायचा.

पहिल्या प्रयत्नात मी दोन्ही टोकांचे व्यास अचूक आणले आणि मधला भाग किंचित फुगीर सोडला. आत घातल्यावर दांडा घट्ट वाटला, पण कामाचा भार पडताच मधल्या फुगवट्यावर डोलायला लागला. मग पेन्सिल हाती घेतली. दांड्यावर लांबीभर सहा-सात रेघा ओढायच्या, तो पोकळीत घालायचा, अर्धा फेरा फिरवायचा, काढून बघायचं. जिथे रेघ फरकटली तिथे टेकतंय, जिथे तशीच आहे तिथे हवा आहे. फरकटलेलं तेवढं खरवडायचं. दहा-बारा फेऱ्या होतात. शेवटच्या फेरीत सगळ्या रेघा टोकापासून टोकापर्यंत सारख्या पुसट होतात. लाकूड धातूत असं अंगभर बसल्याचा एक आवाज असतो, बुटकं बूच बाटलीत बसावं तसा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दांडा उगाचच तीनदा काढून परत घातला.

अशा दांड्याच्या बाहेरच्या टोकावर मग हवं ते कातता येतं: शंकू, वाटी, सपाट चकती, लहान कुसू. ते कातायचं मात्र तो त्याच्या जागी बसवूनच. टेलस्टॉकचा आधार नसेल तर निव्वळ घट्टपणावर विसंबू नये. दांड्याच्या मागच्या टोकाला आट्यांची सळई बसवून ती स्पिंडलमधून पार मागे काढायची आणि तिथे नटाने ओढून धरायची. दमट हवेत लाकूड फुगून अडकतं, त्यासाठी थोडं मेण.

लाकडात आटे पाडता येतात यावर माझा आधी विश्वास नव्हता. स्पिंडल ३३ मिमी व्यासाचा आणि ३.५ मिमी अंतराच्या आट्यांचा असेल तर भोक २९.५ मिमीचं लागतं. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, टेलस्टॉकच्या टोकाने सरळ धरायचा, स्पिंडल अडकवून ठेवायचा आणि टॅप हातानेच फिरवायचा. आटे धाग्यांना आडवे पडले पाहिजेत, म्हणजे भोक धाग्यांच्या दिशेत नसून त्यांना काटकोनात हवं. नाहीतर आट्यांचे तुकडे बिस्किटासारखे सुटतात. टॅप निघाला की पातळ सुपरग्लू आत जिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि तोच टॅप परत एकदा फिरवायचा. तोंडाशी थोडा भाग आट्यांशिवाय मोकळा ठेवला की ठोकळा स्पिंडलच्या खांद्यापर्यंत जाऊन टेकतो. मग तो सरळ स्पिंडलवरच चढवायचा आणि समोरचा पृष्ठभाग तिथेच सपाट करायचा. अशी माझी सात-आठ फेसप्लेटं आहेत. एखाद्या वाडग्याच्या मध्ये थांबावं लागलं तर ते त्याच्या प्लेटसकट बाजूला ठेवता येतं. त्याची रेषा हरवत नाही.

हत्यारांच्या मुठी सगळेच कातताना करतात, त्याबद्दल फार लिहीत नाही. एकच. आधी मूठ कातून मग तिला भोक पाडलं तर ते बहुधा तिरकं जातं. आधी भोक पाडा, त्यात लाकडी शंकू बसवून लेथवर धरा, आणि मग बाहेरचं अंग काता. भोक वाकडं असलं तरी मूठ त्याच्याभोवती सरळ होते.

चिरलेल्या वाट्यांचंही थोडक्यात. ठोकळ्यात खोल खळगा करायचा, भिंतीला सहा-आठ चिरा द्यायच्या, प्रत्येक चिरेच्या बुडाशी लहान भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे पळत नाही, आणि बाहेरून पाण्याच्या पाइपला लावतात ती क्लिप आवळायची. क्लिपच्या स्क्रूचं डोकं बाहेर येतं आणि फिरताना दिसत नाही. त्यावर भडक रंगाची चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय मी लेथ चालू करत नाही.

लांब आणि बारीक दांडा कातताना तो मध्ये वाकतो, थरथरतो, आणि त्याच्या अंगावर नागमोडी वळ उठतात. त्याला मागून टेकू लागतो. धातूच्या चाकांचा टेकू मिळतो, पण मी जुन्या पद्धतीचा लाकडी केला. लेथच्या पायावर एक उभी फळी, तिच्यात सरकणारा एक हात, हाताच्या टोकाला दांडा टेकेल अशी खाच, आणि हाताच्या मागे वरून सोडलेली एक लांब पाचर. दांडा कातत गेला की बारीक होतो, टेकूपासून सुटतो. सुटला की पाचर आपल्याच वजनाने जराशी खाली उतरते आणि हाताला तेवढंच पुढे ढकलते. मला काही करावं लागत नाही. खाचेला थोडं मेण लावायचं आणि पाचर किती उतरली एवढं बघत राहायचं. कातकामात मी केलेल्या गोष्टींपैकी हिच्याकडे मी सर्वांत जास्त वेळ नुसती बघत बसले आहे.

यातलं काहीच नवीन नाही. पायाने चालणाऱ्या पोल लेथवर वाडगं कातणारे लोक लाकडी मॅन्ड्रेल वापरायचे: एका टोकाला लोखंडी खिळे असलेला गोल दांडा, वाडग्याच्या ठोकळ्यात ठोकून बसवलेला, आणि त्यालाच दोरी गुंडाळलेली. फळी दाबली की वाडगं पुढे फिरायचं, सोडली की डोक्यावरची काठी दोरी परत ओढायची; कातणं फक्त पुढच्या फेऱ्यात. लेथचा सांगाडाही लाकडाचाच. तो मॅन्ड्रेल कुठल्या तरी कातणाऱ्याने त्याच लेथवर, त्याच दोन टोकांमध्ये कातलेला असणार. मला हे फार जवळचं वाटतं.

वेगाबद्दल मात्र मी कुणालाही सवलत देत नाही, स्वतःलाही नाही. ३० सेंमी व्यासाची चकती मिनिटाला १००० फेरे फिरली तर तिची कड सेकंदाला सुमारे १५.७ मीटर जाते, म्हणजे ताशी जवळजवळ ५७ किलोमीटर. वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. ही पकड घर्षणाची आहे, सरसाची आहे, लाकडाच्या धाग्यांची आहे, आणि ती चढत्या वेगाने नाही वाढत. मोठ्या वस्तूला हळू वेग, तोंडावर पूर्ण शील्ड, सुरू करताना फिरणाऱ्या कडेच्या रेषेतून बाजूला उभं राहणं, आणि टेलस्टॉक शेवटच्या क्षणापर्यंत लावलेला. चीर दिसलेला ठोकळा, कितीही आवडता असला तरी, मी वापरत नाही.

खोक्याच्या तळाशी एक ठोकळा आहे, सगळ्यांत जुना. काकांनी दिलेल्या ओंडक्याचा. पहिल्यांदा त्यावर ११२चं कुसू होतं, एका मोठ्या डबीच्या झाकणासाठी. मग ९७. मग ८८.५, ७४, ६२.४, असं उतरत. एकेका मापाबरोबर एक झाकण आठवतं: कुणाला दिलं, कुठे धागे उलटे होते, कुठे मी घाई केली. बाजूला आकड्यांची एक रांग झाली आहे, शेवटचा सोडून सगळे खोडलेले. ठोकळ्याची लांबीही निम्म्यावर आली आहे, कारण दर वेळी खांदा नव्याने सपाट करावा लागतो.

आज सकाळी एका लहान डबीचं झाकण आतून कातून झालं. माप ३८.६. ठोकळ्यावर शेवटचा आकडा होता ४१.३. तो खोडला, फेसप्लेटवरची खूण जुळवली आणि स्क्रू आवळले.